शी अडवून धरणारे सव्वादोन वर्षांचे मूल: सवय लावणे चालू ठेवावे की थांबवावे?

मनवा_कोथरूड (१४ मार्च, रात्री १०:१०)

नमस्कार. आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याला खेळगटात घालायचे ठरले आहे आणि डायपर घातलेले मूल घेतले जाणार नाही, असे तिथे प्रवेशाच्या वेळीच सांगण्यात आले. म्हणून मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस रजा काढली, बदकाच्या आकाराचे पिवळे भांडे आणले, दिवसाचा डायपर एकदम बंद केला आणि दर अर्ध्या तासाने त्याला भांड्यावर बसवू लागले. शूचे दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी जमले. शीच्या बाबतीत मात्र सगळेच बिनसले. दुसऱ्या दिवशी भांड्यावर असताना त्याला घट्ट शी झाली, दुखले, तो खूप रडला, आणि तेव्हापासून भांडे नुसते दिसले तरी अंग ताठ करतो. शी लागली की तो बाहेरच्या खोलीतल्या पडद्यामागे जातो, खिडकीचा गज धरतो, टाचा उचलून पाय एकमेकांवर आवळतो आणि लालबुंद होतो. मी जवळ गेले की "शी नाही, शी नाही" म्हणून हात झटकतो. काल शी न झाल्याचा तिसरा दिवस होता. रात्री झोपण्यासाठी डायपर घातला आणि पाचच मिनिटांत त्याला शी झाली.

या सगळ्यात मी एकदा त्याच्यावर जोरात ओरडले. त्या वेळचा त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सासूबाई म्हणतात की मी उशीर केला, आई म्हणते की मी घाई केली. आता पुन्हा डायपर दिला तर आतापर्यंतची मेहनत वाया जाईल का? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवारा (१४ मार्च, रात्री १०:५२)

मनवाताई, पुन्हा डायपर द्या आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. आमच्या मुलीच्या वेळी मी घरून काम करत असल्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडे होती. ती दोन वर्षांची झाल्याबरोबर आम्ही सुरुवात केली आणि तीन आठवडे रोज रडारड झाली. मग आमच्या डॉक्टरांनी सांगितले की भांडे नजरेआड ठेवा आणि दीड-दोन महिने या विषयाचे नावही काढू नका. आम्ही तसे केले. पुढे एके दिवशी तिनेच माळ्यावरचे भांडे दाखवून "माझं दे" म्हटले, आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत काम झाले. तीन आठवड्यांच्या ओढाताणीत जे झाले नव्हते, ते थांबल्यामुळे झाले.

मूल तयार आहे का, हे वयापेक्षा त्याच्या वागण्यावरून कळते, हे मी तेव्हा शिकलो. दिवसा सलग दोन तास कोरडे राहणे, शी होण्याआधी थबकणे किंवा कोपरा गाठणे, ओला डायपर नकोसा वाटणे, चड्डी स्वतः खाली ओढता येणे आणि "तो चेंडू आण" इतकी साधी सूचना समजून पाळणे, ही ती लक्षणे. बऱ्याच मुलांमध्ये ती दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, काहींमध्ये नंतर. तुमचा मुलगा पडद्यामागे जातो, म्हणजे त्याला आतून कळते आहे. समज आलेली आहे, विश्वास अजून बसायचा आहे.

समईची_वात (१५ मार्च, सकाळी ६:३५)

मी वाईची, वय वर्षे एकाहत्तर. माझी तीन मुले आणि चार नातवंडे याच हातांखालून गेली. आमच्या वेळी डायपर हा शब्दही ठाऊक नव्हता. लंगोट असत आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी असत. बाळ तीन-चार महिन्यांचे होऊन मान धरू लागले, की सकाळी दूध पाजल्यावर मी मोरीत पाटावर बसत असे, दोन्ही पाय पुढे पसरून पावलांमध्ये थोडे अंतर ठेवत असे आणि बाळाला घोट्यांवर, माझ्याकडे तोंड करून, दोन्ही काखांत धरून बसवत असे. मग तोंडाने "सूऽऽ सूऽऽ" असा आवाज. बाळ माझ्याकडे बघून हसायचे आणि हसता हसता त्याचे काम होऊन जायचे. नाही झाले तर उचलून घ्यायचे, पुन्हा थोड्या वेळाने. दीड वर्षाची होईपर्यंत तिन्ही मुले दिवसा कोरडी राहत होती. यात बळजबरी कुठेच नव्हती. लंगोट ओला झाला की बाळाला लगेच गार लागायचे आणि आपल्याला शू झाली हे त्याला कळायचे. आता ते कळू नये अशीच डायपरची रचना असते, मग मुलाने ओळखायचे कसे? तुमच्या सासूबाई अगदीच चूक बोलत नाहीत, इतकेच सांगते.

तळ्यातमळ्यात (१५ मार्च, सकाळी ९:१८)

समईताई, तुमचे वर्णन वाचून मला माझ्या आजीच्या पायांवरचा तेलाचा वास आठवला, म्हणून आदर ठेवूनच मतभेद नोंदवते. चार महिन्यांच्या बाळाला 'सवय लागली' असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर सवय आईला लागलेली असते. बाळाची वेळ, त्याची चुळबुळ, दूध पिऊन झाल्यावरचा तो ठरावीक क्षण आई अचूक ओळखते. हे मोठे कौशल्य आहे, पण ते दिवसभर बाळाजवळ कोणीतरी असण्यावर उभे आहे. आजी, काकू, आत्या अशी चार माणसे घरात होती तेव्हा ते साधत होते. मनवाताईंना चार दिवसांची रजा मिळाली आहे. त्या चार दिवसांत चार माणसांचे दीड वर्षाचे काम एकट्या बाईने करावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

दुसरे असे, की मुलाच्या कलाने जाण्याचा विचार आजच्या पिढीचे लाड म्हणून आलेला नाही. टी. बेरी ब्रेझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदींवर आधारित निबंध प्रसिद्ध केला होता. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबायचे, मग एकेक पायरी घ्यायची, मुलाने नकार दिला तर मागे यायचे, ही त्यांची पद्धत होती. त्या मुलांना दिवसाची सवय लागण्याचे सरासरी वय सुमारे साडेअठ्ठावीस महिने निघाले. मनवाताई, तुमचा मुलगा अजून जेमतेम सत्तावीस महिन्यांचा आहे, हे कृपया सासूबाईंना प्रेमाने सांगा.

समईची_वात (१५ मार्च, दुपारी १२:०५)

तळ्यातमळ्यात, चार माणसांचे काम एकटीवर पडते हे तुमचे म्हणणे मला पटले. माझ्या सुनेने नोकरी सांभाळून मुलांचे केले, ते मी पाहिले आहे. तरी सुट्टीच्या दिवशी तास-दोन तास बाळाला सुती लंगोटात ठेवावे, हे माझे मत कायम आहे.

बालरोग_नाशिक (१५ मार्च, रात्री ११:२०)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दिवसभर बाह्यरुग्ण विभागात असल्यामुळे उशिरा लिहितो आहे, पण हा धागा वाचून झोपणे शक्य नव्हते, कारण मूळ प्रश्नातील एक गोष्ट चर्चेत मागे पडते आहे.

टाचा उचलणे, पाय आवळणे आणि लाल होणे याला पालक बहुधा 'कुंथणे' समजतात. हे कुंथणे नसून अडवणे आहे. एकदा घट्ट शीने दुखले की मूल पुढच्या वेळी ती आत रोखून धरते. रोखलेल्या शीतले पाणी मोठे आतडे शोषून घेत राहते, त्यामुळे ती आणखी घट्ट आणि जाड होते, पुढच्या वेळी आणखी दुखते आणि मूल आणखी रोखते. असे काही आठवडे चालले तर गुदाशय ताणला जातो आणि शी लागल्याची जाणीवच बोथट होते. काही मुलांमध्ये आत घट्ट गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. पालकांना वाटते की जुलाब होत आहेत किंवा मूल मुद्दाम करते आहे. त्या मुलाला मार बसतो, आणि त्याचा त्यात काडीचाही दोष नसतो.

म्हणून क्रम असा ठेवावा, की आधी शी मऊ आणि वेदनारहित करायची आणि भांड्याचा विषय त्यानंतरच काढायचा. तोपर्यंत डायपरमध्ये शी होत असेल तर आनंदाने होऊ द्या. दिवसभरात दूध किती जाते ते मोजा. या वयात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पोटात जात असेल तर ते कमी करा, कारण पोट दुधाने भरले की भाजी-भाकरीला जागा उरत नाही. पपई, पेरूचा बिया काढलेला गर, भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका, सालीसकट मुगाची मऊ खिचडी, आणि भरपूर पाणी द्या. एवढ्याने भागले नाही तर तुमच्या डॉक्टरांकडून शी मऊ करणारे औषध घ्या. त्याची सवय लागेल या भीतीने पालक ते आठवड्यात बंद करतात आणि दुखणे परत येते. ते अनेकदा काही महिने द्यावे लागते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षित असते. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावणे किंवा साबणाची कांडी घालणे हे उपाय कृपया करू नका. ज्या जागेची मुलाला भीती बसली आहे, तिथेच आपण पुन्हा दुखवतो. शीत रक्त दिसले, पोट फुगून उलट्या झाल्या, किंवा जन्मापासूनच बद्धकोष्ठ असेल, तर मात्र वाट न पाहता दाखवून घ्या.

गव्हांकुर (१६ मार्च, सकाळी ८:०२)

वाचनखूण साठवली आहे. डॉक्टर, आमच्या घरी दूध दिवसाला जवळजवळ एक लिटर जात होते आणि आम्ही त्याचे कौतुक करत होतो.

पाळणाघरवाली_ताई (१६ मार्च, दुपारी २:४०)

मुले झोपली आहेत, तेवढ्यात लिहिते. डोंबिवलीत बावीस वर्षे पाळणाघर चालवते आहे. माझ्याकडे मूल येते तेव्हा मी आईला पहिला प्रश्न हा विचारते, की तुमच्या घरी शी आणि शूला काय म्हणतात? एका मुलाला 'नंबर टू' शिकवले होते आणि माझ्या मदतनीस मावशींना ते कळेना. ते बिचारे दोन दिवस बोटे दाखवत होते आणि मावशी त्याला दोन बिस्किटे देत होत्या. घरात, पाळणाघरात, आजीकडे शब्द एकच असावा.

वेळ ठरवावी ती झोपून उठल्यावर आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेले की आतडे आपोआप हलते. पाच मिनिटे बसवावे, गोष्ट सांगावी, झाले तर झाले. दर अर्ध्या तासाने बसवले की मुलाचा खेळ मोडतो आणि त्याला भांड्याचाच राग येतो. कपडे कमरेला इलॅस्टिकचे असावेत. मुलींना पुसताना पुढून मागे पुसावे, एरवी लघवीच्या जागी जंतूंचा संसर्ग होतो.

चड्डी खराब झाली तर मी एवढेच म्हणते, "झालं का? चला, बदलू या." मी ती चड्डी दुसऱ्या मुलांसमोर कधी उचलून धरत नाही आणि "बघ, ती कशी शहाणी आहे" असे कधी म्हणत नाही. अडीच वर्षांच्या मुलालाही लाज असते.

आणि मनवाताई, एक विचारू का? तुमचा मुलगा पडद्यामागे का जातो, हे तुम्ही त्याच्या बाजूने पाहिले आहे का? त्याला आडोसा हवा आहे. तुम्ही भांडे कुठे ठेवले आहे?

मनवा_कोथरूड (१६ मार्च, सायंकाळी ७:१५)

ताई, भांडे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर ठेवले होते, म्हणजे तो रमेल. तुमचा प्रश्न वाचून मी कितीतरी वेळ स्वस्थ बसले. सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मी त्याला बसवत होते.

डायपर परत दिला आहे. उद्या डॉक्टरांकडे जात आहोत.

सेन_काठी (१७ मार्च, रात्री १:३०)

आम्ही फ्रान्समध्ये राहतो. इथे २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे झाले आहे आणि सप्टेंबरमध्ये बालशाळेत जाताना मूल 'प्रॉप्र', म्हणजे शब्दशः 'स्वच्छ', असावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी हीच धावपळ चालते. मला हा शब्दच खटकतो, कारण मग ज्याला जमलेले नाही ते मूल अस्वच्छ ठरते. मराठीत आपण 'सवय लागली' म्हणतो, त्यात कोणाची मानहानी नाही.

आमच्या मुलाला भीती होती ती फ्लशच्या आवाजाची. आम्ही तो उठून खोलीबाहेर गेल्यावरच पाणी सोडू लागलो आणि काही दिवसांनी तोच बटण दाबायला मागू लागला. नंतर मालवणजवळच्या आमच्या घरी गेलो तेव्हा तिथे भारतीय बैठकीचा संडास. मला धास्ती होती, पण तो उकिडवा बसला आणि इथे दहा मिनिटे लागणारे काम दोन मिनिटांत झाले.

बालरोग_नाशिक (१७ मार्च, सकाळी ७:५०)

सेन_काठी, त्याला शरीरशास्त्रीय कारण आहे. उकिडवे बसल्यावर मांड्या पोटाकडे येतात, गुदद्वाराभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याला जोरही लावता येत नाही आणि पडण्याची भीतीही वाटते. पायाखाली भक्कम चौरंग द्यावा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यावेत. समईताईंच्या घोट्यांवर बसलेले बाळ नेमके याच अवस्थेत असते, हे मुद्दाम सांगतो.

अंगणवाडी_लातूर (१७ मार्च, दुपारी ४:१०)

आमच्या वस्तीतील बहुतेक घरांत आता संडास आहे, पण तो मोठ्या माणसांच्या मापाचा आहे. त्या खोलगट भांड्याकडे पाहून तीन वर्षांचे मूल घाबरते आणि बाहेर गटाराच्या कडेला बसते. आम्ही आयांना सांगतो की सुरुवातीला दार उघडे ठेवा, मुलाचे दोन्ही हात धरा. आणखी एक समज मोडायला फार वेळ लागतो. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असे मानून ती उकिरड्यावर टाकतात. प्रत्यक्षात तीही मोठ्यांच्या विष्ठेइतकाच रोगप्रसार करते. ती संडासातच टाकली पाहिजे आणि नंतर मुलाचे व आपले हात साबणाने धुतले पाहिजेत.

गव्हांकुर (१८ मार्च, रात्री ९:००)

बक्षिसाबद्दल जाणकारांचे मत काय आहे? आम्ही प्रत्येक वेळी एक चॉकलेट देतो आणि आता तो चॉकलेटसाठी दहा वेळा थेंब-थेंब शू करतो.

रानवारा (१८ मार्च, रात्री ९:४५)

आम्ही खाऊ न देता शाबासकी दिली, आणि तीही 'सांगितल्या'बद्दल. "शू आली हे तू मला सांगितलंस, छान केलंस," एवढेच. भांड्यापर्यंत पोचेपर्यंत चड्डी ओली झाली तरी तेच वाक्य म्हणायचो. सांगणे तिच्या हातात होते, वेळेत पोचणे नेहमी नव्हते.

उंबराचे_झाड (१९ मार्च, सकाळी ११:२५)

माझी मुलगी स्वमग्न आहे. तिला दिवसाची सवय लागायला सहावे वर्ष उजाडले. चड्डी खाली, बसणे, पुसणे, पाणी, हात धुणे अशी पाच चित्रे मी न्हाणीघरात तिच्या उंचीवर चिकटवली होती आणि रोज त्याच क्रमाने बोट ठेवत होते. शब्दांपेक्षा चित्रे तिला लवकर पोचली. वर 'तयारीची लक्षणे' दिली आहेत, ती आमच्याकडे त्या क्रमाने कधी दिसलीच नाहीत. तेव्हा ज्यांची मुले वेगळी आहेत त्यांनी ती यादी परीक्षेसारखी वाचू नये, अशी विनंती आहे.

चाळकरी (१९ मार्च, रात्री ११:५५)

हा विषय दिवसाचा आहे, तरी रात्रीबद्दल लिहितो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरुणात शू करत होतो. आम्ही गिरणगावातल्या चाळीत राहत होतो. सकाळी ओली गोधडी मला स्वतः गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालायला लावत, म्हणजे मला लाज वाटेल आणि सुधारेन. अख्ख्या मजल्याला रोज कळत असे. मला लाज वाटली, सुधारणा मात्र झाली नाही. मी रात्री जागा राहायचा प्रयत्न करायचो आणि पहाटे गाढ झोप लागून पुन्हा तेच व्हायचे. आज मी पन्नाशीचा आहे आणि अजून कुठे ओली गोधडी वाळत घातलेली दिसली की पोटात गोळा येतो. माझा मुलगा सातव्या वर्षापर्यंत ओले करत असे. मी पहाटे उठून गुपचूप चादर बदलायचो आणि त्याच्या आईव्यतिरिक्त घरात कोणाला कळू दिले नाही.

बालरोग_नाशिक (२० मार्च, सकाळी ७:३०)

चाळकरी, तुमच्या मुलाला चांगला बाप मिळाला. दिवसाचा आणि रात्रीचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री लघवी कमी तयार व्हावी यासाठी मेंदूतून एक संप्रेरक स्रवते, त्याची लय आणि मूत्राशय भरल्यावर जाग येणे, दोन्ही काही मुलांमध्ये उशिरा जुळतात. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले रात्री ओले करतात, आणि आई किंवा वडिलांना हा त्रास असल्यास मुलात तो दिसण्याची शक्यता वाढते. पाच वर्षांच्या आत त्याला आजार म्हणतच नाहीत. शिक्षेने संप्रेरक वाढत नाही. पूर्ण कोरडे राहू लागलेले मूल सहा महिन्यांनंतर अचानक पुन्हा ओले करू लागले, तर मात्र तपासून घ्यावे.

मनवा_कोथरूड (२८ मे, रात्री १०:३०)

सर्वांना नमस्कार. दहा आठवड्यांनी लिहिते आहे.

औषध सुरू केले, दूध पाऊण लिटरवरून निम्म्यावर आणले. एप्रिलभर भांड्याचे नाव काढले नाही. सासूबाईंनी समईताईंचा प्रतिसाद माझ्या फोनवर वाचला आणि त्याखालचा तळ्यातमळ्यात यांचाही वाचला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून दुपारचे दोन तास त्याच्या सुती चड्ड्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या. मी कामावर असते तेव्हा ओले झालेले सगळे त्याच धुतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाळणाघरवाल्या ताईंच्या सांगण्यावरून मी बदक काढले आणि काहीही न बोलता पडद्यामागे, खिडकीच्या गजाजवळ ठेवून दिले. चार दिवस त्याने त्यात गाड्या भरल्या. पाचव्या दिवशी जेवणानंतर तो आत गेला, गाड्या एकेक करून बाहेर ठेवल्या, आणि पडदा ओढून मला म्हणाला, "आई, तू तिकडे जा." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने हाक आली, "आई, झाली!"

आता आठवड्यातून पाच दिवस जमते. खेळगटाच्या बाईंना भेटून सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी जुलैपर्यंत दोन जादा चड्ड्या दप्तरात चालतील असे कबूल केले. रात्रीचा डायपर चालू आहे आणि त्याची आम्हाला घाई नाही.

समईची_वात (२९ मे, सकाळी ६:२०)

मनवा, वाचून फार बरे वाटले. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. पावसाळ्यात चड्ड्या वाळत नाहीत, तेव्हा आणखी सहा तरी आणून ठेव.